भुकेचं ऐकावं की अ‍ॅपचं?

शेंगदाणा_कूट:
आठ महिने मी कॅलरी लिहीत होते, दिवाळीनंतर सोडलं. कारण आमटी! आमच्या आमटीत कधी कूट, कधी ओलं खोबरं, गूळ तर अंदाजानेच पडतो. अ‍ॅपमध्ये मात्र ‘डाळ, एक वाटी’. कुणाची वाटी? नोंद बिनचूक व्हावी म्हणून मी आमटी टाळून पाकिटातला बार खायला लागले, त्यावर आकडा छापलेला असतो ना. तेव्हा डोळे उघडले.

अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाचा 2019 चा प्रयोग बघा. त्याच 20 माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं पाकिटातलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच, खायचं मात्र हवं तेवढं. पाकिटाच्या अन्नावर लोकांनी रोज साधारण 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. अन्न धड असेल तर भूक बऱ्यापैकी खरं सांगते. मोजणं सोडा, ताट बदला.

तेलाचा_डबा:
अजिबात पटलं नाही. 20 माणसं, एकूण चार आठवडे, तेही आयतं ताट हातात. घरी कोण देतं?

आणि भुकेचं ऐकायला आपल्याला शिकवलंय कुणी? पानात टाकायचं नाही, हे पहिलं शिकवलं. नको म्हणून पानावर हात आडवा धरला तरी पुरणपोळी पडायचीच, वर तुपाची धार. भरल्या पोटावर चार घास घालायची चाळीस वर्षांची सवय आहे माझी. त्याच पोटाला आता विचारू?

मला मोजण्यानेच जाग आली. चौघांत महिन्याला पाच लिटर तेल. म्हणजे माणशी दिवसाला 42 मिली, जवळपास 340 कॅलरी. खाणं सगळं घरचंच हो: भाकरी, उसळ, पिठलं. जिभेला त्या तेलाचा पत्ताही नव्हता.

नाशिकची_आई:
माझ्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. जेवणाआधी भाकरी किती, भात किती हे मोजल्याशिवाय इन्सुलिन किती द्यायचं ते ठरत नाही. ‘मोजणं सोडा’ असं सरसकट लिहू नका, कळकळीची विनंती. कुणीतरी खरंच सोडेल.

शेंगदाणा_कूट:
ताई, चुकलंच माझं. इन्सुलिनवर असलेल्यांना हे लागू नाही, वर स्पष्ट लिहायला हवं होतं.

तेलाचा डबा, आग्रहाचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण मग आग्रह थांबवूया ना! माझी मुलगी अर्धी पोळी ठेवून उठली तर मी आता गप्प बसते. सासूबाईंना राग येतो, तरीही. तिची भूक अजून शाबूत आहे, ती मला मोडायची नाही.

तेलाचा_डबा:
मुलांच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्या बाजूने. माझी वही मात्र चालू राहणार. या महिन्यात तेल साडेतीन लिटरवर आलंय, आणि उसळीची चव कुणाला बदललेली वाटली नाही.