जळगावात राहून शेवभाजी-भरीत सोडून दुसऱ्या समाजांचं खाणं कुठे खायचं?

केळी_आणि_कळणं
राम राम मंडळी. जन्म जळगावचा, शाळा-कॉलेज इथलं, नोकरीपण इथेच, आणि बाहेर जेवायचं म्हटलं की आमच्या घरी दोनच गोष्टी ठरलेल्या, शेवभाजी नाहीतर थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी. त्याच्याबद्दल तक्रार नाही, ते रक्तातच आहे. पण मागच्या आठवड्यात मुलगी (आठवीत आहे) शाळेतून आली आणि म्हणाली, पप्पा, माझ्या मैत्रिणीने डब्यात कोकी आणली होती, मला एक तुकडा दिला, आपल्याकडे कुठे मिळते? मला कोकी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं आणि सिंधी कॉलनी आमच्या घरापासून गाडीवर दहा मिनिटं. फार वाईट वाटलं हो. एवढी वर्षं शेजारी राहून त्यांच्या ताटात काय असतं ते माहीत नाही.

म्हणून ठरवलंय की दर रविवारी एक नवीन जागा, शक्यतो जळगावातच, फार तर भुसावळपर्यंत. तिघांचं तीन-चारशेत भागावं. बायको शाकाहारी, आम्ही बापलेक सगळं खातो. पिझ्झा आणि चायनीजच्या गाड्या नका सांगू. हायवेच्या मोठ्या हॉटेलांचंपण नको, एका ठिकाणी बोर्डावर राजस्थानी थाळी वाचून गेलो तर ताटात पनीर बटर मसाला आणि मंचुरियन, चुरमा मागितला तर वेटर म्हणतो संपला. जिथे त्या समाजाची माणसं स्वतः जाऊन खातात अशा जागा सांगा.

सिंधी_कॉलनीतली
दादा, तुमची पोस्ट वाचून खरंच बरं वाटलं. माझे आजोबा १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आले, आधी कल्याणच्या कॅम्पात होते, मग जळगावला आले आणि इथलेच झाले. कोकी म्हणजे कणकेत कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, अनारदाणा घालून केलेली जाड पोळी, ती आधी अर्धवट भाजायची, मग परत लाटून तूप सोडून मंद आचेवर भाजायची, दोनदा भाजल्यामुळेच ती खुसखुशीत होते आणि प्रवासात दोन दिवस टिकते. सोबत दही आणि भाजलेला पापड. पण कोकी हॉटेलात शोधू नका, ती घरचीच. विकत खायची तर दाल पकवान खा, आणि त्याला वेळ पाळावी लागते. रविवारी सकाळी आठ-साडेआठला या, दहानंतर डाळ संपते नाहीतर पातळ झालेली असते. पकवान लाटल्यावर काट्याने टोचे मारतात बघा, तळताना फुगू नये म्हणून, फुगला तर तो पकवान नाही, पुरी झाली. डाळ चण्याची, पूर्ण गळलेली नको, दाणा दिसला पाहिजे. वरून चिंचेची चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. पकवान मोडून डाळीत बुडवायचा आणि लगेच खायचा, मऊ पडू द्यायचा नाही.

गोडाचं विचारलं नाहीत तरी सांगते. होळीच्या आधी आठ-दहा दिवस घीयर मिळतो, दिसायला जिलेबीच्या घरातला पण ताटाएवढा आणि किंचित आंबट. होळी झाली की बंद, मग वर्षभर वाट बघायची. आणि मिठाईच्या दुकानात सेवेची बर्फी मागा, ताजी शेव आणि मावा एकत्र आटवतात, आमच्याकडे तिला सिंघर जी मिठाई म्हणतात. मुलीला ती नक्की आवडेल.

सराफ_गल्ली
भाऊ, तुम्ही बापलेक मासे खाता म्हणून सांगतो. जळगावचं सोनं सगळ्यांना माहीत आहे पण ते घडवणारे हात बरेचसे बंगाली आहेत हे बाहेर फार कोणाला माहीत नाही. माझं काम सराफ बाजारात, रोज त्यांच्यात उठबस. दिवसभर मांडी घालून, फुंकणी आणि चिमटा घेऊन बारीक काम करतात ही पोरं आणि दुपारी मेसवर जेवतात. मेसला बोर्ड नाही, नाव नाही, जिना चढून वरची एक खोली. कोणत्याही कारागिराला विचारा, तो स्वतः नेऊन सोडेल, एकटे शोधायला गेलात तर सापडणार नाही.

ताटात भात, पातळ मसूर डाळ, बटाट्याची भाजी आणि माछेर झोल. मासा रोहू नाहीतर कटला, म्हणजे आपला गोड्या पाण्यातलाच, आपल्याकडेपण तो नवीन नाही. फरक तेलात आहे. आपण शेंगदाण्याच्या तेलात काळा मसाला घालून झणझणीत करतो, ते मोहरीच्या तेलात तळून हळद-जिऱ्याचा पातळ रस्सा करतात. पहिल्या घासाला तेल नाकात चढतं, तिसऱ्या घासानंतर सवय होते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला काटे काढता येत नव्हते, शेजारच्या पोराने माझ्या ताटातला तुकडा स्वतः सोडवून दिला, विचारलंपण नाही. तो आता गावाकडे गेला, पण मी अजून महिन्यातून दोनदा जातो.

एक विनंती, फोटो काढायचे तर आधी विचारा. ती त्यांची जेवायची जागा आहे. आणि थंडीत गेलात तर नोलेन गुडाबद्दल विचारा, खजुराच्या रसाचा गूळ, कोणी गावाहून आणला असेल तर त्याचा संदेश, म्हणजे त्यांची छेन्याची मिठाई, खायला मिळेल.

भुसावळ_जंक्शन
फार तर भुसावळ म्हणालात म्हणून लिहून राहिलो. रेल्वेमुळे आमच्याकडे अख्खा देश येऊन राहिला, तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, सगळे. सकाळी इडली-सांबार खायला या, वहिनींनापण चालेल. सांबार गोड लागलं तर उठून दुसरीकडे जा.

पण माझं मत विचाराल तर अजून तासभर गाडीत बसा आणि बुऱ्हाणपूर गाठा. मध्य प्रदेशात आहे म्हणून परकं समजू नका भो, फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशची राजधानी तीच होती, १६०१ ला अकबराने असीरगड घेतला तोपर्यंत. तिथली माव्याची जिलेबी खा. काळपट तपकिरी, जाड, जड, एक खाल्ली की जेवण झालं समजा. आणि दराबा घरी घेऊन या, रवा, साखर आणि तूप एवढंच, पण इतका वेळ घोटतात की पांढरा, हलका होतो आणि जिभेवर राहतच नाही. माझी आजी बुऱ्हाणपूरची. दराबा कसा लागतो विचारलं की एवढंच म्हणायची, "खाशी तवय समजी."

पाचकंदील_धुळे
राजस्थानी थाळीचं वाचून वाईट वाटलं. हॉटेल सोडा, एखादा मारवाडी मित्र गाठा आणि दाल-बाटी घरी खा. मग आपली वरण-बट्टी आठवून बघा. त्यांची बाटी अख्खी निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवतात, आपल्याकडे बरेच जण बट्टी आधी उकडून, कापून, तुपात तळतात. दोन्ही गव्हाच्या जाडसर पिठाच्या, पण चव पूर्ण वेगळी. आणि श्रावणात घेवर, म्हणजे त्यांची तुपात तळलेली जाळीदार मिठाई, ताजा मिळतो, तो रबडी न लावलेला घ्या, रबडीखाली जाळी कशी पडलीय ते कळत नाही.

केळी_आणि_कळणं
मंडळी, पहिला रविवार झाला. पावणेनऊला पोचलो, आमच्या मागे चारच जणांना डाळ मिळाली. मुलगी काउंटरला चिकटूनच उभी होती, टोचे मारताना बघायचे होते तिला, तर त्या काकांनी काटा तिच्या हातात दिला आणि दोन पकवान तिला टोचू दिले. त्यातला एक फुगलाच. काका म्हणाले, हा तूच खा बेटा, पहिला सगळ्यांचा फुगतो. तिने तो आम्हाला चाखूपण दिला नाही. बायकोने चण्याची डाळ कशी अख्खी राहते ते विचारून घेतलं, पाणी किती आणि मीठ कधी, सगळं. बिल तिघांचं दीडशेच्या आत. सेवेची बर्फी पाव किलो घेतली, ती संध्याकाळपर्यंत उरली नाही.

पुढच्या रविवारी सराफ बाजार, सराफ_गल्ली भाऊ, तुम्हाला मेसेज केलाय. ताई, एक विचारायचं राहिलं. काका म्हणत होते ठदरीच्या सणाला चूल पेटवत नाहीत आणि त्या दिवसाचं गोड वेगळं असतं. ते कुठे मिळेल?

सिंधी_कॉलनीतली
विकत नाही मिळणार दादा. राखीपौर्णिमेनंतर सातव्या दिवशी असते ठदरी, सगळा स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी गारच खातो, लोलो म्हणजे गोड जाड पोळी, कोकी, दही. आमच्याकडे या. वहिनींना म्हणावं आदल्या संध्याकाळीच या, लोलो आम्ही चौघी मिळून करतो, पाचवी मिळाली तर लवकर उरकेल. येताना रिकामा डबा आणा, मोठा.