कार्ड मशीन चालंना, मदत हवी आहे (अर्जंट)

वेरूळवाला
मंडळी, कार्ड मशीन घेऊन तीन महिने झाले अन् ऐन वेळी चालतच नाही. काल ९,५०० चं बिल झालं, पार्टीनं कार्ड काढलं, मशीन म्हणते डिक्लाइन, दुसरं कार्ड लावलं तरी तेच. शेवटी त्यांना घेऊन तीन एटीएम फिरलो तेव्हा कुठं पैसे भेटले, त्यात माझा पाऊण तास अन् डिझेल गेलं ते वेगळंच. कंपनीला फोन लावला तर म्हणायलेत मशीन एकदम ओके आहे. महिन्याचं भाडं मात्र बरोबर तारखेला कटायलंय. दुसरी कोणती मशीन घ्यावी ते पटकन सांगा, उद्या परत काम आहे.

लातूरकर_२४
मशीनच काढून टाका राव. माझं लातूरला आरओ सर्व्हिसिंगचं काम आहे, मी नुसता क्यूआर ठेवतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आता, त्यावरून गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, छोट्या धंद्याला २,००० पर्यंत चार्ज पण नाही. फक्त क्यूआर व्यापारी खात्याचा पाहिजे, आपल्या पर्सनल क्यूआरवर क्रेडिट कार्ड घेत नाही, लोक तिथंच अडकतात.

वेरूळवाला
क्यूआर आहे हो माझ्याकडं. त्याचा उपयोग नाही.

लातूरकर_२४
उपयोग नाही कसा? आमच्याकडं पानटपरीवाला पण साउंडबॉक्स ठेवतो.

सिडको_लॉज
दादा धंदा कशाचा आहे? मशीन बँकेची का कंपनीची? आपल्या लोकांची कार्डं चालतात का तिच्यावर, का कोणाचंच नाही? अन् डिक्लाइन झाल्यावर स्लिपवर काय छापून आलं ते बघितलं का? काहीच न सांगता मशीन कोणती घेऊ विचारायलात.

पैठणगेट
आधी जीएसटी नंबर आहे का ते सांगा. जीएसटीशिवाय मशीन नीट चालूच करून देत नाहीत, मला तरी मागितला होता.

हिशोबनीस_परभणी
पैठणगेट, असं काही नाही. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, अन् मशीनचा तर त्याच्याशी संबंधच नाही. पॅन, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), गुमास्ता (दुकानाची नोंदणी) अन् धंद्याचं खातं यावर काम होतं. गुमास्त्याचं पण लोक एजंटला पैसे देत बसतात, २०१७ च्या कायद्यापासून कामगार थोडे असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. आता मशीनवाले जो एमडीआर, म्हणजे कार्ड व्यवहारावरचं कमिशन, कापतात त्याच्यावर २,००० च्या वरच्या व्यवहाराला १८ टक्के जीएसटी लागतो ती गोष्ट वेगळी, तो तुमचा नंबर असो नसो कटतोच.

पैठणगेट
मला मागितला होता म्हणजे मागितला होता.

हिशोबनीस_परभणी
मागायला काय, आमच्याकडं वीजबिलाच्या तीन झेरॉक्स पण मागतात.

नांदेडी_तडका
माझ्या मेव्हण्यानं मशीन घेतली, महिनाअखेरीला बायकोचं कार्ड घासतो अन् पैसे खात्यात घेतो. भाडं तरी वसूल होतं त्याचं 😄

हिशोबनीस_परभणी
मेव्हण्याला आजच सांगा बंद कर म्हणून. माल नाही सेवा नाही अन् नुसते पैसे फिरवायले हे सिस्टीमला दिसतं. मशीन ब्लॉक होते, सेटलमेंट अडकतं, अन् कार्ड कंपनी बायकोचं कार्ड बंद करते ते वेगळंच.

वेरूळवाला
अहो माझं काय? टॅक्सी आहे माझी, एक इनोव्हा एक डिझायर, वेरूळ अजिंठा दौलताबाद. मशीन कंपनीची आहे. स्लिप निघालीच नाही. आपल्या लोकांची कार्डं चालतात, पुण्याच्या एका सायबाचं चाललं होतं. कालची पार्टी जपानची होती. म्हणून तर म्हणलं ना क्यूआरचा उपयोग नाही.

सिडको_लॉज
अरे देवा, हे पहिल्या ओळीत सांगायचं ना! मशीन बदलायची काही गरज नाही. तुमच्या मशीनवर बाहेरच्या देशाची कार्डं चालू केलेली नसणार, बऱ्याच छोट्या धंद्यांना ती बंदच देतात. कंपनीचा माणूस मशीन ओके म्हणतो ते खरंच आहे, तो देशी कार्डापुरतं बोलायला. फोन नका करू, फोनवर कोणी ऐकत नाही. ईमेल टाका, मशीनचा टीआयडी (टर्मिनल नंबर) लिहा, सरळ म्हणा इंटरनॅशनल कार्ड चालू करून द्या. माझ्या लॉजला कागदं परत मागितली, गाडीवाल्याला परमिट अन् आरसी मागतील बहुतेक. मला १२ दिवस लागले.

रेट आधी विचारून घ्या. देशी क्रेडिट कार्डाला माझे १.८ टक्के कटतात, बाहेरच्याला ३. म्हणजे तुमच्या ९,५०० वर २८५ अन् त्यावर जीएसटी ५१, असे ३३६ गेले.

लातूरकर_२४
बघा, म्हणूनच म्हणलं क्यूआर बरा.

सिडको_लॉज
जपानच्या माणसाला क्यूआर दाखवून काय करणार?

लातूरकर_२४
फॉरेनरसाठी पण यूपीआय निघालंय, यूपीआय वन वर्ल्ड. पासपोर्ट दाखवून वॉलेट काढून देतात.

वेरूळवाला
एका पण पाहुण्याकडं बघितलं नाही अजून. अन् माझ्या गाडीत बसल्यावर काढ म्हणू का त्याला?

पैठणगेट
३ टक्के वरून पाहुण्याकडूनच घ्यायचे, डोकं कशाला लावता. सोनार घेतात की.

सिडको_लॉज
नका घेऊ. मशीनच्या करारातच लिहिलेलं असतं की कार्डासाठी वेगळा चार्ज लावायचा नाही, अन् फॉरेनर बिलाचा फोटो काढून थेट तक्रार करतो. दिवसाच्या रेटमध्येच धरा. अजून एक, काही बाहेरच्या कार्डांना पिन लागत नाही, स्लिपवर सही घ्या, सोबत ट्रिपशीटवर पण सही घ्या तारीख अन् किलोमीटर टाकून. घरी गेल्यावर एखादा म्हणतो हा व्यवहार मी केलाच नाही, तेव्हा तोच कागद कामाला येतो. माझे ४,२०० असेच गेले, सही नव्हती. म्हणूनच पेमेंट लिंकपेक्षा समोर चिप लावलेली बरी.

अजिंठ्याचा_जावई
वेरूळवाला, उद्या सोमवार आहे, अजिंठा बंद असतं. ट्रिप कशाला घेतली?

वेरूळवाला
इतकं कळतं हो मला. उद्या वेरूळ, मंगळवारी वेरूळ बंद म्हणून त्या दिवशी अजिंठा.

अजिंठ्याचा_जावई
मग अजिंठ्याजवळ फर्दापूरला मशीन काढू नका, टी जंक्शनला गाडी लावल्यावर माझ्या मोबाइलला रेंज नसते. मशीनमधी पण सिमच असतं. शहरात हॉटेलवर सोडताना घ्या.

वेरूळवाला
ईमेल टाकला. परत आरसी, परमिट, पॅन सगळं मागितलंय, सात दिवस म्हणायलेत. आज सकाळी गाडीत बसायच्या आधीच पाहुण्याला सांगितलं कार्ड नाही, कॅश लागेल. हॉटेलजवळच्या एटीएममधून आणले त्यांनी दोन मिनिटात. हे मी पहिल्या दिवसापासून का केलं नाही काय माहीत.

नांदेडी_तडका
इनोव्हा नांदेड ते शिर्डी अन् परत किती घेता? पाच माणसं, एक म्हातारी.

वेरूळवाला
खासगी मेसेज करा. कॅश लागेल.