कम्युनिटी कॉलेजातील अल्प मुदतीचे प्रमाणपत्र घ्यावे का? (कॅलिफोर्निया, एच-४ ईएडी)

निरभ्र:
माझे शिक्षण बी.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र) असून एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काही वर्षे नोकरी केल्यानंतर यजमानांच्या एच-१बी (नोकरीच्या) व्हिसामुळे मी एच-४ या जोडीदारासाठीच्या व्हिसावर कॅलिफोर्नियात आले. त्यांचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्याने मला आता ईएडी (काम करण्याची परवानगी देणारे कार्ड) मिळाले आहे आणि लवकरात लवकर काम सुरू करण्याची इच्छा आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात) फ्लेबोटॉमी (तपासणीसाठी रक्त काढणे) आणि मेडिकल कोडिंग (आजार व उपचारांना ठरावीक संकेतांक देणे) असे दोन अल्प मुदतीचे अभ्यासक्रम दिसले. गोंधळात टाकणारी बाब अशी की, कोडिंगचा जवळजवळ त्याच नावाचा अभ्यासक्रम त्याच कॉलेजात दोन ठिकाणी आहे. एकीकडे प्रतियुनिट (युनिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचे माप) ४६ डॉलर असे शुल्क आहे, तर दुसरीकडे एकरकमी आणि त्याच्या कितीतरी पट. हा फरक कशामुळे, आणि माझ्यासारखीने कोणता मार्ग धरावा?

सातबारा:
कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये एकाच छपराखाली तीन वेगळे कारभार चालतात, हे लक्षात आले की शुल्काचे कोडे सुटते. पहिला क्रेडिटचा, तेथे राज्याचे अनुदान असते, रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर पडतात आणि युनिट पुढे पदवीकडे नेता येतात. दुसरा नॉन-क्रेडिटचा, तेथे शिकवणी शुल्क नसते, मात्र युनिटही मिळत नाहीत. तिसरा कम्युनिटी एज्युकेशनचा. त्याला राज्याचा पैसा नसल्याने सगळा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातूनच निघावा लागतो आणि काही वेळा तो वर्ग कॉलेजचे नाव वापरून एखादी बाहेरची खासगी कंपनीच चालवत असते. आपण पाहिलेला महागडा अभ्यासक्रम बहुधा या तिसऱ्या प्रकारातला असावा. तो वाईटच असतो असे मुळीच नाही, परंतु पैसे भरण्यापूर्वी वर्ग कोण घेणार, हे लेखी विचारून घ्यावे.

प्रमाणपत्रांतही भेद आहे. सोळा किंवा अधिक सेमिस्टर युनिटांच्या प्रमाणपत्राला राज्याच्या चॅन्सेलर कार्यालयाची (सर्व कम्युनिटी कॉलेजांच्या राज्यस्तरीय कार्यालयाची) मंजुरी लागते आणि ते ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रिकेवर, नोंदले जाते. आठ ते सोळा युनिटांच्या प्रमाणपत्रासाठी कॉलेज तशी मंजुरी घेऊ शकते. त्याखालचे पुष्कळदा विभागाने दिलेला एक कागद एवढेच असते. समारंभात सगळेच सारखे दिसतात, म्हणून ट्रान्सक्रिप्टवर काय उमटणार हे आधी विचारावे.

रहिवासी दराबद्दल एक सूचना: एच-४ धारकाला येथे रहिवासी दर्जा मिळू शकतो (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला मिळत नाही), पण सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य झालेले असावे लागते आणि त्याचे पुरावे द्यावे लागतात. तो दर्जा नसेल तर ४६ डॉलरच्या जोडीला अनिवासी शुल्कही भरावे लागते आणि क्रेडिटचा स्वस्तपणा तेथेच संपतो.

पेट्रीडिश:
मी येथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे फ्लेबोटॉमीपुरते लिहिते. रक्त काढण्यासाठी राज्याचा परवाना सक्तीचा असलेली राज्ये अमेरिकेत मोजकीच आहेत आणि कॅलिफोर्निया त्यांतले एक. येथील सीपीटी-१ (फ्लेबोटॉमी तंत्रज्ञ) परवान्यासाठी नवख्या उमेदवाराला ४० तासांचे वर्गशिक्षण आणि ४० तासांचे प्रत्यक्ष काम करावे लागते. त्या प्रत्यक्ष कामात किमान ५० वेळा शिरेतून आणि १० वेळा त्वचेला, म्हणजे बहुधा बोटाला, टोचून रक्त घ्यावे लागते. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, मग राज्याकडे अर्ज. म्हणून क्रेडिट की कम्युनिटी एज्युकेशन हा प्रश्न येथे दुय्यम आहे. तो वर्ग राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मान्य केलेला आहे की नाही, एवढेच पाहावे. मान्यता नसेल तर प्रमाणपत्र कितीही सुबक असले तरी परवान्याच्या अर्जात त्याचा उपयोग नाही.

माझ्या ओळखीतील एकीची अडचण निराळीच होती. तिचे वर्ग वेळेत संपले, पण प्रत्यक्ष कामासाठी रुग्णालयात जागा मिळेपर्यंत बरेच महिने निघून गेले, कारण संस्थेने ती जागा कधी देणार हे कोठेच लेखी दिले नव्हते. प्रवेश घेताना 'एक्स्टर्नशिप (म्हणजे हे प्रत्यक्ष काम) किती आठवड्यांत सुरू होईल' हा प्रश्न विचारा, आणि उत्तर मोघम आले तर पुढच्या संस्थेचे दार ठोठवा. लसीकरणाच्या नोंदी, क्षयरोगाची चाचणी आणि पार्श्वभूमी तपासणी हे सोपस्कार बहुतेक ठिकाणी असतात.

तरीही आपल्या पदवीकडे पाहता मला वाटते, आपण चुकीच्या पायरीवर लक्ष ठेवून आहात. येथील क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट (प्रयोगशाळेत तपासण्या करणारा तज्ज्ञ) हा परवाना फ्लेबोटॉमीच्या कितीतरी वरचा आहे आणि पगारही त्या मानाने. त्याला पदवीबरोबर रसायनशास्त्राचे १६, जीवशास्त्राचे १८ आणि भौतिकशास्त्राचे ३ सेमिस्टर युनिट, रक्तशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र आणि वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक वर्षाचे प्रशिक्षण लागते. सूक्ष्मजीवशास्त्रापुरता मर्यादित परवानाही आहे. अडसर येतो तो भारतातील तीन वर्षांच्या बी.एस्सी.चा, मूल्यांकनात ती अमेरिकी पदवीच्या बरोबरीची धरली जाईलच असे नाही. म्हणून कोणत्याही वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी राज्याच्या लॅबोरेटरी फील्ड सर्व्हिसेस विभागाला चालणाऱ्या संस्थेकडून गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घ्या. कमी पडणारे विषय दोन-तीनच निघाले, तर ते कम्युनिटी कॉलेजात क्रेडिटने करणे हाच आपल्यासाठी खरा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम ठरेल.

खटपट्या:
कोडिंगबद्दल थोडक्यात. त्यासाठी राज्याचा परवाना नसतो. नोकरी देणारे बहुधा एएपीसी या कोडिंग व्यावसायिकांच्या संस्थेची सीपीसी परीक्षा उत्तीर्ण आहात का, एवढे पाहतात. चार तासांत १०० प्रश्न असतात आणि कोडची पुस्तके सोबत नेता येतात, तेव्हा पाठांतरापेक्षा पुस्तकात झटकन शोधण्याचा सराव महत्त्वाचा. आजारांचे आयसीडी कोड दर १ ऑक्टोबरला आणि उपचार-प्रक्रियांचे सीपीटी कोड (वरच्या सीपीटी-१ परवान्याशी यांचा संबंध नाही) दर १ जानेवारीला बदलतात, त्यामुळे जुनी पुस्तके स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नयेत. मोठी अडचण अशी की, अनुभव नसलेल्याला सीपीसी-ए, म्हणजे शिकाऊ, असा शिक्का मिळतो आणि जाहिराती मात्र बहुतेक अनुभवी माणसांसाठी असतात. घरून काम मिळेल या आशेने येणाऱ्यांची येथे गर्दी आहे. आपल्या प्रयोगशाळेतील अनुभवाचा येथे फारसा उपयोग होणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो.

निरभ्र:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट परवान्याचा तो मार्ग माझ्या डोक्यात आलाच नव्हता. दोन शंका उरल्या. शुल्कासाठी काही सरकारी मदत मिळते का, आणि ईएडीची मुदत मध्येच संपली तर काय होते?

सातबारा:
पेल ग्रँटसारखी (गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या अनुदानासारखी) संघीय मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही मोजक्या वर्गांनाच मिळते. एच-४ त्यांत बसत नाही. १ जुलै २०२६ पासून १५० ते ५९९ तासांच्या अभ्यासक्रमांनाही पेल लागू करण्याची तरतूद झाली आहे, तिचा गाजावाजा आपल्या कानी येईल, परंतु अट तीच आहे. करात मात्र लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (शिक्षणखर्चावरील करसवलत) पाहावे: पात्र संस्थेला भरलेल्या शुल्काच्या २० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर. संयुक्त विवरणपत्रात उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेले की तो घटत जातो आणि १,८०,००० वर संपतो, त्यामुळे संगणक क्षेत्रातील यजमान असलेल्या अनेक घरांना त्याचा लाभ मिळत नाही.

ईएडीबाबत अधिक सावध राहावे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीची आपोआप मिळणारी मुदतवाढ बहुतांश मिळत नाही. कार्ड संपले आणि नवे आले नाही तर काम थांबवावे लागते. शिक्षण मात्र एच-४ वर चालूच ठेवता येते. मुदत संपण्याआधी १८० दिवसांपासून अर्ज करता येतो, तेव्हा पहिल्याच दिवशी करावा, आणि एक्स्टर्नशिपचा काळ शक्यतो कार्डाच्या शेवटच्या महिन्यांत येऊ देऊ नये. मूल्यांकनासाठी विद्यापीठाकडून थेट मोहोरबंद गुणपत्रिका मागवाव्या लागल्या तर त्याला वेळ लागतो. ते काम याच आठवड्यात सुरू करा.