तीन आठवड्यांची पिल्लं: स्टार्टरसोबत वेगळा खाऊ कधी, कोणता आणि किती?

भांडुप_परसदार

गिरिराज जातीच्या कोंबडीची सहा पिल्लं आहेत, वय एकवीस दिवस. घर बैठं आहे, मागे थोडी मोकळी जागा. सध्या पिल्लं तूस घातलेल्या मोठ्या खोक्यात असतात, रात्री आणि पाऊस लागला की ६० वॅटचा बल्ब. खायला फक्त चिक स्टार्टर क्रंबल (लहान पिल्लांचं तयार भरड खाद्य), पिशवीवर प्रथिनं २० टक्के लिहिलेली. लासोटा (मानमोडीवरची) आणि गंबोरो दोन्ही लसी वेळेवर झाल्या आहेत.

आता थोडं वेगळं खायला सुरू करायचं आहे. शेजारपाजारचे सगळे आपापलं सांगतात: कुणी तांदळाची कणी, कुणी शिळा भात, कुणी सुका जवळा, कुणी उकडलेलं अंडं. यातलं या वयाला काय चालेल? दिवसाला किती द्यायचं? वाळू द्यावी लागते म्हणतात, तर समोरच्या बांधकामावरची क्रश सँड चालेल का? आणि काहीही नवीन ठेवलं की सगळी कोपऱ्यात जाऊन एकमेकांवर चढतात, त्याला काय करायचं?

खुराडं_आणि_खत

आधी वाळूचं बघा, बाकीचं त्यानंतर. क्रंबल पाण्याने विरघळतं, म्हणून नुसत्या स्टार्टरवर असलेल्या पिल्लाला खडे लागत नाहीत. पान, दाणा किंवा किडा पोटात गेला की तो दळण्याचं काम पेट्याला करावं लागतं (आपण कलेजीसोबत आणतो तोच पेटा), आणि त्यात खडे नसतील तर पानांचे धागे तसेच अडकून बसतात. म्हणून खाऊ सुरू करायच्या दोन दिवस आधी वाळू सुरू करा.

क्रश सँड चालते, पण आहे तशी नाही. तिच्यात दगडाची पीठासारखी भुकटी फार असते. रव्याच्या चाळणीतून चाळा, खाली पडेल ते टाकून द्या. वर राहील त्यातले मोहरीच्या दाण्याएवढे, म्हणजे १ ते २ मिलिमीटरचे खडे ठेवा आणि मोठे वेचून काढा. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, तव्यावर किंवा उन्हात खडखडीत वाळवा. ढिगात सिमेंट मिसळलेलं दिसलं तर ती वाळू घेऊच नका. चौपाटीची वाळूही नको, तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुराही. शिंपल्याचा चुरा हे कॅल्शियम आहे, पेट्यात तो विरघळून जातो, दळायच्या कामाचा नाही. वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो तो वेगळाच. याच कारणाने अंड्यावरच्या कोंबडीचं लेयर खाद्य पिल्लांना देत नाहीत: त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, स्टार्टरमध्ये साधारण एक टक्का.

सहा पिल्लांना आठवड्याला एक मोठा चमचा वाळू पुरते. पहिल्या दिवशी वाटीभर ठेवू नका. भुकेलं पिल्लू तेच खाद्य समजून पोट भरून घेतं. पोट स्टार्टरने भरलेलं असताना चिमूटभर क्रंबलवर भुरभुरा, दोन दिवसांनी वेगळ्या झाकणात ठेवा.

आता प्रमाण. या वयाचं पिल्लू दिवसाला साधारण २५ ग्रॅम खातं, म्हणजे सहाजणांचं १५० ग्रॅम. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, म्हणजे सगळ्यांना मिळून १५ ग्रॅम. हा नियम का, ते कणीच्या हिशेबावरून कळतं. तांदळात प्रथिनं सातेक टक्के. १५० ग्रॅममधले ३० ग्रॅम कणीचे झाले तर एकूण प्रथिनं २० वरून साडेसतरावर येतात. अर्धं खाणं कणीचं झालं तर साडेतेरावर. नेमक्या याच आठवड्यांत खरी पिसं फुटत असतात आणि पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच. कमी पडलं की पाठ उघडी राहते, पंख लोंबतात, आणि एकमेकांची नवी पिसं उपटायची सवय लागते. ती एकदा लागली की मोडणं फार कठीण.

अजून एक. पिशवीवर कॉक्सिडिओस्टॅट (रक्ती हगवण रोखणारं औषध) लिहिलंय का बघा. असेल तर औषधाची मात्रा खाद्यातूनच जाते. खाऊ वाढला की औषध कमी पोचतं, आणि पावसाळ्यात ओल्या तुसावर रक्ती हगवणीचा धोका सगळ्यात जास्त असतो.

आरेवाली

वाळूबद्दल वर लिहिलंय ते सगळं पटलं. काय द्यायचं ते मी सांगते.

पहिला खाऊ म्हणून उकडलेलं अंडंच घ्या. दहा-बारा मिनिटं पूर्ण घट्ट उकडायचं, गार करून किसणीच्या बारीक बाजूने किसायचं. पिवळा बलक ओला असला तर चोचीला चिकटून नाकपुड्या बुजतात, म्हणून तो थोड्या कोरड्या क्रंबलमध्ये चुरून मोकळा करून घ्या. सहाजणांना पाव अंडं पुष्कळ झालं. अंडं दिल्याने पुढे कोंबड्या स्वतःची अंडी फोडून खातात ही भीती मनातून काढा, किसलेल्या अंड्याचा आणि घरट्यातल्या अंड्याचा त्यांना काही संबंध लागत नाही. कच्चं मात्र कधीच नको.

चार दिवसांनी पाला. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला, यापैकी एकच. शेवगा सगळ्यात उत्तम, त्याची पानं लहान असतात आणि प्रथिनंही चांगली. फक्त पानांमधल्या काड्या ओरबाडून काढा. पालक कधीतरीच द्या, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. बाजारची जुडी सोडताना रबरबँड किंवा सुतळी आधी केराच्या डब्यात टाका, मग पाला धुवायला घ्या. पिल्लू लोंबणारी लांब वस्तू अळी समजून गिळतं, आणि रबर पोटात गेलं की ते बाहेर येत नाही. पाला ३ ते ४ मिलिमीटर इतका बारीक चिरायचा. गवतही असंच चिरूनच, लांब पाती गिळली की अन्नपिशवीत (गिळलेलं आधी साठतं ती गळ्याखालची पिशवी) त्यांचा गुंडा होतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर जुडी कपड्याच्या चिमट्याने त्यांच्या चोचीच्या उंचीला अडकवा, ती स्वतःच लहान लहान तुकडे तोडून खातात. दोऱ्याने टांगू नका.

एका वेळी एकच नवीन पदार्थ, आणि दुसरा चार दिवसांनी. नाहीतर पोट बिघडल्यावर कशाने बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही. लसीच्या आदल्या आणि नंतरच्या दोन दिवसांत काही नवीन नको. तुमचा पुढचा लासोटा अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास असेल, तेवढे दिवस सोडा.

वेळ सकाळी दहा-अकराची. उठल्याउठल्या पहिलं खाणं स्टार्टरचंच पाहिजे. संध्याकाळी उशिरा दिलेलं रात्रभर अन्नपिशवीत पडून राहतं, आणि काही बिनसलं तर अंधारात तुमच्या लक्षातही येत नाही.

घाबरण्याचं म्हणाल तर तो पिल्लांचा स्वभावच आहे, नवीन रंग आणि नवीन आकार दोन्हींना बिचकतात. भांडं बदलू नका. रोजच्याच झाकणात, ओळखीच्या क्रंबलवर चिमूटभर अंडं टाका आणि बोटाच्या नखाने टकटक करत दाणा उचला, परत टाका. कोंबडी पिल्लांना असंच शिकवते. हात वरून आणू नका, वरून येणारी सावली म्हणजे त्यांच्या लेखी घार. बाजूने, जमिनीलगत आणा. एका पिल्लाने उचललं की बाकीची त्याच्यामागे पळतातच. म्हणूनच झाकणं दोन ठेवा, लांब लांब. एकावर दांडगी पिल्लं ताबा घेतात तेव्हा लहानखुऱ्याला दुसऱ्यावर खाता येतं.

वीस मिनिटांत उरलेलं सगळं उचला. आपल्या हवेत अंडं तासाभरात वास मारायला लागतं, आणि तुसात सांडलेल्या खाऊवर आधी मुंग्या, मग उंदीर आणि घुशी येतात.

वेसावकर_खाडीकाठ

जवळ्याबद्दल लिहितो, कारण मुंबईत पिल्लांना जवळा घालायचा सल्ला हमखास मिळतो. प्रथिनं भरपूर हे खरं. पण त्यात समुद्राचं मीठ असतंच, काही ठिकाणी वरूनही लावतात. स्टार्टरमध्ये लागेल तेवढं मीठ आधीच घातलेलं असतं, त्यावर हे म्हणजे जास्तीचं. मीठ जास्त झालं की पिल्लू सारखं पाणी पितं, विष्ठा पाण्यासारखी होते, मग मान टाकतं, चालताना झोकांड्या जातात. लहान पिल्लं यात दगावतात. सहा आठवड्यांपर्यंत जवळा नकोच. पुढे द्यायचा झाला तर तासभर साध्या पाण्यात भिजवा, मध्ये दोनदा पाणी बदला, पिळून वाळवा, चुरा करा आणि सहाजणांना अर्धा छोटा चमचा, आठवड्यातून एकदा. शेजारी खुराड्यात टाकतात ते फरसाण, चिवडा, खारे शेंगदाणे, वेफर्स यांचंही कारण तेच.

किडेच द्यायचे असतील तर कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यपेटी आणि पक्ष्यांच्या दुकानांत मीलवर्म (एका किड्याच्या अळ्या) मिळतात. लहान आकाराचे घ्या, पिल्लामागे एक किंवा दोन, जास्त नाही. सुके असतील तर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा.

भात: ताजा, बिनमिठाचा, मोकळा, दोन-चार शितं चालतील. चिकट गोळा नको. शिळा आंबलेला तर मुळीच नको.

पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी बुरशीची वाटते. ओलसर हवेत मका, शेंगदाणे, पेंड यांवर बुरशी धरते आणि त्यातलं अफलाटॉक्सिन हे विष यकृतावर जातं. ते भाजल्याने किंवा उन्हात घातल्याने नाहीसं होत नाही. स्टार्टरची पिशवीसुद्धा जमिनीवर ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, खाली पाट किंवा विटा, आणि दोन-तीन आठवड्यांत संपेल इतकंच आणा. खाद्याच्या गाठी झाल्या किंवा कुबट वास आला तर पूर्ण फेका, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

कच्च्या डाळी, कच्चा राजमा, बटाट्याची हिरवी सालं, अ‍ॅव्होकॅडो, चहाचा चोथा, चॉकलेट हे पिल्लांच्या वाटेला जाऊच द्यायचं नाही. कांदाही नको.

भांडुप_परसदार

सगळ्यांचे आभार. वाळू चाळून धुऊन ठेवली आहे. अजून दोन शंका. पोट बिघडलं हे नेमकं कशावरून ओळखायचं? आणि आमच्याकडे लाल माठ रोज येतो, तो पाल्यात चालेल का?

खुराडं_आणि_खत

लाल माठ खायला चांगला, पण या वयात मी तो टाळायला सांगेन. त्याने विष्ठा लालसर होते. तीन ते सहा आठवडे हा रक्ती हगवणीचा काळ, तेव्हा लाल दिसलं तर ते माठाचं की रक्ताचं हे ओळखता येत नाही आणि एखादा दिवस फुकट जातो. त्या आजारात एक दिवस फार मोठा असतो. बीटही त्याच कारणाने पुढे ढकला. हिरवा माठ चालेल.

विष्ठा रोज सकाळी बघत जा, खोक्यात एका कोपऱ्यात वर्तमानपत्र घाला म्हणजे स्पष्ट दिसते. तपकिरी घट्ट गोळी आणि वर पांढरी टोपी, ही चांगली. आठ-दहामागे एक चॉकलेटी, चिकट, घाण वासाची असते, तीही नेहमीचीच, आंधळ्या आतड्यातून येते. पाल्यानंतर हिरवट होणारच. फेसाळ, पाण्यासारखी किंवा रक्ताची दिसली, पिल्लू पिसं फुगवून पंख सोडून उभं राहिलं, तर खाऊ लगेच बंद, नुसता स्टार्टर आणि स्वच्छ पाणी, आणि तो नमुना कागदासकट पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. रक्ती हगवणीवर पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम देतात, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. ते चालू असताना बी-१ असलेली व्हिटॅमिनं स्वतःहून घालू नका, औषधाचा परिणाम कमी होतो.

अन्नपिशवीही हाताने तपासा. छातीच्या वर, उजव्या बाजूला. रात्री झोपताना भरलेली, सकाळी खाण्याआधी रिकामी, असं पाहिजे. सकाळी गोळा कडक लागला तर धागेदार काहीतरी अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आत आंबलंय. दोन्हींत पिल्लाला उलटं धरून ओकवायला जाऊ नका, पाणी श्वासनलिकेत जातं. तेही डॉक्टरांचंच काम. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येईल.

शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली असेल तर ओढू नका, कातडी निघते. कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवा, पूर्ण कोरडं करा आणि बल्बची उष्णता बघा. पिल्लं बल्बखाली गोळा होत असतील तर गारठलीत, भिंतीला टेकून चोच उघडी टाकत असतील तर उकडतंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला २७ ते २९ अंश पुरेत, आपल्याकडे दिवसा बहुतेक वेळा बल्ब लागतच नाही.

आरेवाली

उकडलेल्या अंड्याचं टरफल चुरून घालायचा मोह होईल, ते या वयाला नको. वर शिंपल्याचं कारण दिलंय तेच. टरफलं धुऊन, वाळवून बरणीत ठेवा, माद्या अंड्यावर आल्या की लागतील.