'नियर मिस'ला मराठीत काय म्हणायचं?

कोरांटी

विमानतळावर जमिनीवरचं काम करणाऱ्या मुलांसाठी एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करते आहे. सामान चढवणारी, ट्रॅक्टर चालवणारी, बहुतेक बारावी झालेली मुलं. एका प्रकरणात असा प्रसंग आहे: पावसाळ्यातली संध्याकाळ, मुंबईच्या आसपास गडगडाटी ढग. उतरायला आलेली विमानं घिरट्या घालतायत, नुकती उडालेली विमानं ढग टाळायला वाट वाकडी करू द्या म्हणून मागे लागलीयत. ढगांच्या दोन भिंतींमध्ये एकच मोकळी फट आणि तिच्यात दोन विमानं समोरासमोर. शेवटच्या अर्ध्या मिनिटात एक वर जातं, दुसरं खाली. मूळ मजकूर याला 'नियर मिस' म्हणतो आणि पुढची वीस पानं तोच शब्द नाम म्हणून वापरतो: नियर मिसची नोंद, नियर मिसचा तपास, नियर मिसचे प्रकार.

मी 'थोडक्यात टळलेली टक्कर' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून सगळीकडे 'निकट चूक' केलं. मला ते वाचून अर्थच लागत नाही. आईला वाक्य वाचून दाखवलं, तर तिला वाटलं नात्यातल्या कोणीतरी केलेली चूक.

मला नाम हवंय. विभक्ती लागली पाहिजे, तक्त्याच्या डोक्यावर मावलं पाहिजे. शुक्रवारी काम द्यायचंय.

दक्षिणायन

'निकट चूक' हे वळणच मराठी नाही. पण 'थोडक्यात टळलेली टक्कर' ही व्याख्या झाली, संज्ञा नव्हे. 'आसन्न टक्कर' घ्या. आसन्न म्हणजे अगदी जवळ येऊन ठेपलेलं. 'आसन्नमरण' आपण वापरतोच.

तळटीप

'आसन्नमरण' माणूस वाचत नाही, दक्षिणायन. आसन्न म्हणजे आता होणारच. इथे तर ती झालेली नाही, हाच सगळा मुद्दा आहे.

मूळ शब्दाचं बघू. दुसऱ्या महायुद्धात जहाजावर टाकलेला बॉम्ब जहाजाला न लागता शेजारी पाण्यात पडला, तर त्याला नियर मिस म्हणत. जवळ पडला म्हणून धक्क्याने जहाजाच्या पत्र्याला चिरा जायच्या, पण नेम हुकला होता. म्हणजे 'नियर' हे 'मिस'चं विशेषण आहे: जवळून हुकणं. 'जवळजवळ चुकली' असं केलं की अर्थ उलटा होतो. जवळजवळ चुकली म्हणजे लागलीच.

माझं मत 'हुकणे' या धातूकडे. गोट्या खेळताना, विटीला टोला मारताना आपण दुसरं काय म्हणायचो?

उंबरठा

पण हुकण्यात नेम धरलेला असतो ना? गोटी हुकली म्हणजे मारायची होती आणि लागली नाही. गाडी हुकली म्हणजे पकडायची होती. विमानांना एकमेकांना लागायचं नव्हतंच. 'हुकलेली टक्कर' वाचून टक्कर व्हायला हवी होती आणि झाली नाही, असं वाटतं.

मला 'ओझरती टक्कर' सुचतंय. ओझरता स्पर्श, ओझरतं दर्शन. जवळून जाणं त्यात आहे.

दक्षिणायन

ओझरत्या स्पर्शात स्पर्श होतो. दोन विमानांचा ओझरता स्पर्श म्हणजे काय, याचा विचार करा.

मुक्काम_सातपूर

मी कारखान्यात सुरक्षा विभागात आहे, विमानांचं मला फारसं कळत नाही. पण हा शब्द आमच्याकडे रोजचा आहे. हाइनरिख या अमेरिकी औद्योगिक सुरक्षा अभ्यासकाने १९३१ मध्ये मांडणी केली होती की एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० बिनइजेचे प्रसंग असतात. आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली, पण त्या ३०० ची नोंद करायची हा विचार तिथूनच रुजला.

आमच्या फलकावर देवनागरीत 'नियर मिस' लिहिलेलं होतं. पोरं 'नियरमिस टाकला का?' असंच बोलतात, पुल्लिंगी. पण पेटीत चिठ्ठ्या पडायच्या नाहीत. मागच्या पावसाळ्यात आमच्या शिफ्टच्या सुपरवायझरने खडूने पेटीवर लिहिलं: 'होता होता राहिलं'. पहिल्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या आल्या. एक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. 'क्रेनचा हूक माझ्या डोक्यावरून गेला, मी चपलेचा अंगठा बसवायला वाकलो होतो.' एवढंच. मुळात बुटांऐवजी चप्पल घालून तो तिथे आला कसा, हे आम्हाला त्या चिठ्ठीमुळे कळलं.

कोरांटी

सातपूर, अंगावर काटा आला. आणि माझी अडचणही नेमकी कळली. पडता पडता सावरला, बुडता बुडता वाचला, होता होता राहिलं. आपल्याकडे ही गोष्ट क्रियापदात बसलेली आहे, दोनदा म्हटलं की झालं. नाम करायला गेलं की मोडतं. 'होता-होता-राहिलेल्याची नोंद' कसं लिहू?

तळटीप

जपानी कारखान्यांत याला 'हियारी-हात्तो' म्हणतात. हियारी म्हणजे अंगातून गार शिरशिरी जाणं, हात्तो म्हणजे दचकणं. शुद्ध अनुकरणवाचक शब्द, आणि सरकारी कागदपत्रांतही चालतो. गंमत अशी की विमानांच्या बाबतीत तेच जपानी लोक 'नियामिसु' म्हणतात, म्हणजे इंग्रजी शब्दच उचललाय. कारखान्याला स्वतःचा, आकाशाला उसना.

या न्यायाने आपल्याकडे 'धस्स' का नको? काळजात धस्स झालं.

दक्षिणायन

तपास अहवालात 'धस्स'? भावना आणि घटना यांत फरक आहे. सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर', 'दूरध्वनी' दिले तेव्हा तेही कृत्रिमच वाटले होते. आज 'दिनांक' प्रत्येक अर्जावर आहे. 'धावपट्टी' आणि 'वैमानिक' हे कोणी तरी घडवलेलेच शब्द आहेत. शब्द घडवायचा कंटाळा केला की भाषा फक्त स्वयंपाकघरात उरते.

उंबरठा

'धावपट्टी' टिकली कारण धाव आणि पट्टी दोन्ही घरातले शब्द आहेत. 'दूरध्वनी' मात्र पत्रिकेच्या तळाशी उरला, तोंडी फोनच राहिला. आणि स्वयंपाकघरात उरते म्हणजे काय? भाषा तिथेच जगली आहे, दक्षिणायन.

सांजवारा

मी तीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रणात काढली, त्यातली बरीचशी रडारसमोर. उशिरा आलोय, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

'थोडक्यात' हा शब्द काढा, कोरांटीताई. रडारखाली आम्ही साधारणपणे दोन विमानांत उंचीचं १,००० फूट किंवा आडवं ५ सागरी मैल अंतर ठेवतो, विमानतळाजवळ ते ३ मैलांपर्यंत येतं. दोन्ही मोडली की आम्ही 'सेपरेशन गेलं' म्हणतो आणि कागद सुरू होतात. ४ मैलांवरून विमान गेलं तर प्रवाशाला खिडकीतून काही दिसतही नाही. त्याच्या लेखी काहीच झालेलं नाही. पण ५ मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, आणि दोन जेट समोरासमोर असतील तर ते अंतर संपायला १८-१९ सेकंद लागतात. एक वाक्य बोलून, समोरच्याने ते परत म्हणून दाखवेपर्यंत त्यातली निम्मी जातात.

पावसाळ्यात काय होतं ते सांगतो. गडगडाटी ढगांचे माथे आपल्याकडे चाळीस-पन्नास हजार फुटांवर जातात, त्यावरून उडता येत नाही. प्रत्येक वैमानिक आपल्या नाकासमोरच्या रडारवर ढग बघतो आणि डावीकडे १५ मैल, उजवीकडे २० मैल मागतो. सगळ्यांना तीच फट दिसते. आखलेले मार्ग मोडतात, सगळं डोक्यात धरावं लागतं, आणि वारंवारितेवर दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी ऐकू येते.

एका जुलैत माझ्या पडद्यावर दोन लेबलं एकमेकांवर चढली, आकडे वाचता येईनात. मी माउसने एक लेबल बाजूला ओढलं. दोघांची उंची एकच होती. मी एकाला वळायला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कानात आलं, 'टीकॅस आरए'. म्हणजे विमानातल्या यंत्राने त्यालाच आज्ञा दिली होती, वर जा. अशा वेळी आम्ही काही बोलायचं नसतं. 'रॉजर' म्हणायचं आणि बघत बसायचं. एकाचा आकडा वर, दुसऱ्याचा खाली. 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे आता धोका नाही, असं ऐकलं तेव्हा हेडफोनची वायर मी मुठीत इतकी आवळली होती की तळहातावर वळ उठला होता. त्याच दिवशी मला खुर्चीवरून उठवलं. ते नियमाप्रमाणेच होतं, राग नाही.

गप्प राहायचा नियम फार महाग पडून पक्का झालाय. ३१ जानेवारी २००१ ला जपानमध्ये एकाच कंपनीची दोन विमानं, उड्डाण क्रमांक ९०७ आणि ९५८. नियंत्रकाने क्रमांकात गफलत केली आणि भलत्याच विमानाला खाली यायला सांगितलं. त्या विमानातलं यंत्र वर जा म्हणत होतं. कॅप्टनने शेवटी डोळ्यांनी बघून नाक खाली दाबलं. दोन्हींत मिळून ६७७ माणसं होती. टक्कर झाली नाही, पण प्रवासी छतावर आदळून सुमारे १०० जण जखमी झाले. पुढच्याच वर्षी, १ जुलै २००२ ला, जर्मनीत उबरलिंगेनवर तोच पेच: यंत्र म्हणालं वर, नियंत्रक म्हणाला खाली, वैमानिकाने नियंत्रकाचं ऐकलं. ७१ जण गेले.

आता सांगा, जपानच्या त्या विमानाला 'थोडक्यात बचावलं' म्हणायचं? १०० जखमींना?

उंबरठा

काका, वाचताना श्वास अडकला. आमच्याकडे एवढंच म्हणतील, काळ आला होता पण वेळ आली नव्हती.

सांजवारा

ही म्हण मी घरी हजारदा ऐकली, माझ्या आईचीही तीच आवडती. पण या कामात ती नको. तिच्यात वाचवणारं कोणी नाही, वेळच आली नव्हती. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. तेव्हा दिल्लीला येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गाने ये-जा करत. एकाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, दुसऱ्याला १४,००० वर. पहिलं थांबलं नाही, खाली येत राहिलं. त्यानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि टीकॅस सक्तीचं झालं. माझ्या त्या जुलैच्या दिवशी टक्कर 'राहिली' नाही. ती टाळली गेली, त्या ३४९ माणसांनंतर बसवलेल्या यंत्राने. म्हणून 'टळणे' नको, 'टाळणे' हवं. 'टळली' म्हटलं की आपोआप.

तळटीप

टळणे आणि टाळणे. हा भेद माझ्या लक्षातच आला नव्हता. वर्तमानपत्रांचं 'मोठा अनर्थ टळला' हे याच खोडीतलं.

पण मग कोणीच टाळलेली नसेल तर? दोघांनाही न कळता विमानं पाचशे फुटांवरून निघून गेली, असंही होत असेल ना? ती टळली, टाळली नाही.

सांजवारा

होतं. म्हणून आमच्या कागदावर 'एअरप्रॉक्स' असतं. विमानं नको तितकी जवळ आली, एवढंच. कोणी वाचवलं, कसं वाचलं, ते पुढे तपासात. आणि सगळ्यात वाईट प्रकारांना 'गंभीर घटना' म्हणतात.

दक्षिणायन

'गंभीर घटना' बिनचूक आहे, पण मराठीत घटना म्हणजे संविधानही, शिवाय घटना काहीही असू शकते. एअरप्रॉक्सचा गाभा सामीप्य असेल तर 'धोकासामीप्य' होऊ शकेल. काकांच्या अनुभवापुढे मी 'आसन्न' मागे घेतो.

मुक्काम_सातपूर

ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलाला 'धोकासामीप्य' वाचून दाखवा, मग बोलू. आमचे ड्रायव्हर 'चाटून गेली' म्हणतात, ते कळतं.

आणि उंबरठा, 'ओझरता'वरून आठवलं, आमच्या इथे ओझर आहे, जिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स मिग आणि सुखोई बांधायचं. लहानपणी मला वाटायचं की विमानं डोक्यावरून भर्रकन जातात म्हणून गावाचं नाव ओझर.

उंबरठा

माझा अंदाज, ओझर म्हणजे ओहोळ, झरा. अव अधिक झर. पाणी कडेकडेने झिरपत जातं, तसं ओझरतं.

तळटीप

अव-झर असं थेट जोडता येईल याची मला खात्री नाही. विघ्नहराचं ओझर जुन्नर तालुक्यात आहे, तेही कुकडीच्या काठी, हे मात्र तुमच्या बाजूने जातं.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी असं लिहिलं: तक्त्यावर 'नियर मिस' देवनागरीत, आणि प्रकरणाच्या सुरुवातीला एक ओळ, 'टक्कर होता होता राहते किंवा टाळली जाते, तो प्रत्येक प्रसंग'. तपासणाऱ्यांना 'टाळली जाते' पटलंय. 'होता होता राहते' बोलीभाषा आहे म्हणून लाल रेघ मारलीय. उद्या फोनवर भांडणार आहे. सातपूर, तुमची ती चिठ्ठी नावगाव काढून पुस्तिकेत उदाहरण म्हणून घेऊ का?

मुक्काम_सातपूर

घ्या. फक्त 'चपलेचा अंगठा' तसाच ठेवा, 'पादत्राण' करू देऊ नका.

दक्षिणायन

'पादत्राण' मीही करणार नाही.

तळटीप, कुकडीकाठच्या ओझरबद्दल वेगळा धागा काढाल का? वेल्ह्याला माझ्या आजोळी पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याला ओझर म्हणत, आणि तिथे नदी नव्हती.