गोव्यात शाळेच्या वाटेसाठी वेगळं अनुदान हवं की आणखी बालरथ?

डिचोलीकर पालक
माझी मुलगी पाचवीत आहे. शाळा घरापासून जेमतेम 700 मीटरवर, तरी रोज मीच तिला स्कूटरवर सोडतो. कारण मधला एक तुकडा. एका बाजूला चिऱ्यांची वई रस्त्याला टेकलेली, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, गटाराच्या तोंडाशी विजेचा खांब. आणि समोरून खनिजाचे ट्रक. मूल चालणार कुठून? मग मी स्कूटर काढतो, शेजारी गाडी काढतो आणि शाळेच्या गेटासमोर आम्हीच गर्दी करून चालत येणाऱ्या चार मुलांची वाट अडवतो.

अमेरिकेत 2005 साली केंद्राने कायदा करून शाळेच्या सुरक्षित वाटांसाठी पाच वर्षांना 612 दशलक्ष डॉलर वेगळे काढले होते. बालवाडी ते आठवीच्या मुलांसाठी, शाळेपासून दोन मैलांच्या आत पदपथ, क्रॉसिंग, वेग कमी करण्याची कामं, सायकल स्टँड. त्यातला 10 ते 30 टक्के पैसा बांधकामाला वापरता येत नसे. तो मुलांना शिकवण्यासाठी, शाळेजवळ वाहतुकीवर लक्ष ठेवण्यासाठी. ही कल्पना त्यांचीही नव्हे, डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात 1970 च्या दशकातच हे काम सुरू झालं होतं.

आपलं गोवा सरकार अनुदानित शाळांना बालरथासाठी, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या शाळेच्या बससाठी, पैसे देतं. तसाच चालत आणि सायकलवर येणाऱ्या मुलांसाठी वेगळा निधी का नको?

फोंड्याची बाई
मी 20 वर्षं अनुदानित हायस्कूलमध्ये शिकवते. माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे. आमची निम्मी मुलं लांबच्या वाड्यांवरून येतात. बालरथ यायच्या आधी जून-जुलैत ती मुलं ओली होऊन यायची, नाहीतर यायचीच नाहीत. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. छत्री, दप्तर आणि सायकल एकत्र सांभाळून पाहा. ड्रायव्हर आणि मदतनीस यांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून शाळांना आजही पाठपुरावा करावा लागतो. त्याच पिशवीतून नवा वाटा काढलात तर झळ पहिल्यांदा वाड्यावरच्या पोरीला लागेल. शाळेजवळ घर असलेल्यांना वाट सुधारून मिळेल, आनंद आहे, पण लांबच्यांचं काय?

माजी पंच, पेडणे
बाई, तुमची भीती खरी आहे, पण मला अडचण वेगळीच दिसते. पैसा नंतरचा. रस्ता कोणाचा, हे आधी विचारा. शाळेपुढचा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर पंचायत तिथे साधा पांढरा पट्टाही मारू शकत नाही. गतिरोधक हवा असेल तर कलेक्टरची अधिसूचना लागते. खांब वीज खात्याचा. आमच्या वेळी एका शाळेसमोरच्या गतिरोधकासाठी मी तीन कार्यालयांत अर्ज घेऊन फिरलो. माझी मुदत संपली, गतिरोधक झाला नाही.

आणि त्या अमेरिकन योजनेची एक गोष्ट सांगायची राहिली. तिथे आगाऊ रोकड मिळत नसे. गावाने आधी काम करायचं, बिलं दाखवायची, मग परतफेड. आपल्या 191 पंचायतींपैकी किती जणी असा खर्च आधी करू शकतील? किनाऱ्यावरच्या करतील. सत्तरी, सांगे या आतल्या तालुक्यांतल्या बसून राहतील.

ताळगावचा सायकलस्वार
सायकल गोव्यात चालत नाही, हे कोणी म्हणू नये. पहाटे आणि संध्याकाळी पोंपों करत पोदेर, म्हणजे पाववाला, फिरतो तो सायकलवरच, पावसातही. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले आणि मुलींची शाळेतली संख्या वाढली. तिथले रस्ते आपल्यापेक्षा चांगले नव्हते. ओझं आणि पाऊस ही कारणं खरी, पण वर्षातले आठ महिने कोरडे असतात हेही खरं.

पर्वरीची आई
मला हा सगळा उत्साह पटत नाही. आमच्याकडे राष्ट्रीय महामार्ग 66 आहे आणि उड्डाणमार्गाच्या कामाने वर्षानुवर्षं धूळ, वळसे, खड्डे. इथे माझ्या मुलाला सायकलवर पाठवा म्हणणाऱ्याला मी हात जोडते. पदपथ केलात तरी त्यावर दुचाक्या चढणार. अकरावीची मुलं परवाना नसताना शिकवणीला स्कूटर नेतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आधी तो कायदा शाळेच्या गेटावर लावा, मग पेव्हर बसवा. शिस्त नसेल तर पेव्हरचा पैसा ठेकेदाराला जाईल, मुलाला काही मिळणार नाही.

डिचोलीकर पालक
ताई, म्हणूनच मी बांधकामाबाहेरच्या वाट्याचा उल्लेख केला. तो वाटा नसेल तर तुमचं म्हणणं खरं ठरेल, आणि परतफेडीबद्दल पंचांचंही. पण सगळीच मुलं महामार्गावर राहत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या आदर्श नियमांत प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आत धरली आहे. म्हणजे ती चालत जाण्याजोगी आहे हे सरकारनेच मानलं. मग चालण्याची वाट देणं हेही सरकारचंच काम नाही का?

बाई, बालरथाचा एक पैसा कापू नये, हे मी लिहून देतो.

फोंड्याची बाई
लिहून देताय तर एक गोष्ट मीही मान्य करते. बालरथ मुलाला वाड्याच्या तोंडाशी सोडतो. अनेकदा उतरायचं ते रस्त्याच्या चुकीच्या बाजूला. बस निघाली की मूल एकटं रस्ता ओलांडतं. गेल्या वर्षी आमची सहावीतली मुलगी तशीच ओलांडताना दुचाकीखाली आली. हात मोडला, बचावली. मदतनीस बसमध्येच असते, तिला खाली उतरून मुलं पार करायची सूचनाच नाही. तुमचा निधी आधी बालरथाच्या थांब्यांना द्या, तर मी तुमच्या बाजूने. उभं राहायला जागा, पांढरे पट्टे, शाळेची पाटी आणि एक माणूस. याला पेव्हर लागत नाहीत.

माजी पंच, पेडणे
याची सुरुवात मात्र पंचायतीच्या आवाक्यातली आहे. डिचोलीकर, रविवारच्या ग्रामसभेत तोंडी बोलू नका, सचिवांकडे आधी लेखी द्या. मजकूर असा ठेवा: "शाळेपासून 1 किलोमीटरच्या आतले बालरथाचे सर्व थांबे आणि मुलांच्या चालण्याच्या वाटा यांची यादी करावी. प्रत्येक तुकडा कोणत्या खात्याचा आहे ते समोर लिहावं. यादी पुढच्या ग्रामसभेत ठेवावी."

रक्कम मागू नका. यादी हातात आली की मला पाठवा, बांधकाम खात्याचा अर्ज मी लिहून देतो.

पर्वरीची आई
मसुदा आमच्या पंचायतीसाठी मीही उतरवून घेतला. महामार्गाच्या तुकड्यापुढे कोणाचं नाव लिहायचं?

माजी पंच, पेडणे
महामार्ग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं. आणि काम चालू असेतो ठेकेदाराचंही.