कॅल्शियम पण जास्त आणि शुगर पण, दोन्हीचा काही संबंध असतो का?

कृष्णाकाठ:
आई ६१ वर्षांची, शुगर बरीच वर्षं आहे पण गोळ्यांवर ठीक चाललं होतं, हल्ली मात्र काही केल्या खाली येईना. मध्ये मुतखड्याचा त्रास झाला म्हणून डॉक्टरांनी सगळं रक्त तपासलं तर कॅल्शियम ११.४, पीटीएच (पॅराथायरॉईड ग्रंथीचं, कॅल्शियम वाढवणारं हार्मोन) १३२, म्हणजे दोन्ही जास्त, आणि व्हिटॅमिन डी १३, म्हणजे कमी. आता म्हणतात गळ्यातल्या ह्या पॅराथायरॉईडचा स्कॅन करा, बहुतेक ऑपरेशन लागेल. काकू म्हणते दूध बंद करा. मामा कुठूनतरी वाचून आलाय की इन्सुलिन कॅल्शियममुळंच सुटतं. मग एवढं कॅल्शियम असताना शुगर कमी नको का व्हायला? ऑपरेशन केलं तर शुगर जाईल का?

बीटापेशी:
मामांचं अर्धं बरोबर आहे. जेवल्यावर ग्लुकोज स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत शिरतं, ते जळून एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, त्यानं पोटॅशियमची दारं बंद होतात (ग्लिमेपिराईड ही शुगरची गोळी ह्याच दारावर काम करते), मग पेशीचा व्होल्टेज बदलतो आणि कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसलं की इन्सुलिनच्या पुड्या बाहेर फुटतात. बाहेर कॅल्शियम नसेल तर ग्लुकोज कितीही द्या, इन्सुलिन सुटत नाही, हे १९६६ सालीच ग्रॉड्स्की आणि बेनेट यांनी उंदराच्या स्वादुपिंडावर दाखवलंय.

पण पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा आधीच जवळपास दहा हजार पट असतं. धरण काठोकाठ भरलेलंच आहे, प्रश्न दरवाजे कधी उघडतात एवढाच. त्यामुळे रक्तातलं ९.५ चं ११.४ झालं म्हणून इन्सुलिन धो धो सुटत नाही.

उलट पीटीएच बराच काळ जास्त राहिलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. अशा पेशंटमध्ये इन्सुलिन बऱ्याचदा कमी नसतं, जास्तच सापडतं, फक्त ते लागू पडत नाही. स्नायू आणि चरबीच्या पेशींत कॅल्शियम साचून इन्सुलिनचा निरोप पुढे जात नाही असं मानतात.

खारीबटर:
@बीटापेशी मग इन्सुलिनोमा (इन्सुलिन सोडणारी स्वादुपिंडातली गाठ) शोधायला स्वादुपिंडाच्या धमनीत कॅल्शियम ग्लुकोनेट सोडतात आणि इन्सुलिन वाढतंय का बघतात, ते कसं काय??

बीटापेशी:
चांगला प्रश्न. नॉर्मल बीटा पेशी त्या डोसला फारशी हलत नाही, गाठीची पेशी मात्र भसकन इन्सुलिन सोडते. हा फरक आहे म्हणून तर ती टेस्ट चालते.

सातारकरीण:
माझ्या सासूबाईंचं हेच ऑपरेशन झालंय. शुगर गेली वगैरे काही नाही, पण एक गोळी कमी झाली आणि आकडे जरा वळणावर आले. ऑपरेशननंतर कॅल्शियम एकदम खाली येतं बरं का, त्यांच्या ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या, तसं काही वाटलं तर लगेच सांगा, सकाळची वाट बघत बसू नका.

डॉ_बिनफीचा:
दूध बंद करू नका. आहारातलं कॅल्शियम तोडलं तर पीटीएच आणखी चढतं. पाणी भरपूर द्या, खड्यासाठी पण तेच.

नुसत्या व्हिटॅमिन डीच्या कमतरतेनंही पीटीएच वाढतं, पण तेव्हा कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी असतं. इथं दोन्ही वर आहेत म्हणजे दोष बहुधा ग्रंथीत. डी १३ आहे म्हणून मेडिकलमधून साठ हजारवाली सॅशे आणून परस्पर सुरू करू नका, डॉक्टर बेतानं देतील. आणि डीनं शुगर बरी होईल ही आशा पण ठेवू नका, २०१९ च्या डीटूडी ट्रायलमध्ये प्रीडायबेटिसच्या २४२३ लोकांना रोज ४००० युनिट डी किंवा खोटी गोळी देऊन बघितलं, डायबेटिस ठळकपणे टळला असं दिसलं नाही.

एक सांगा, बीपीची गोळी कुठली आहे? त्यात थायझाईड (लघवी वाढवणारं औषध) असेल तर ते लघवीतून कॅल्शियम जाऊ देत नाही, आणि शुगरही थोडी वाढवतं.

कृष्णाकाठ:
पाकीट आत्ता बघितलं. टेल्मिसार्टन ४० आणि पुढं एच लिहिलंय. बंद करू का आजपासून?

डॉ_बिनफीचा:
एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाईडच. मनानं बंद नका करू, बीपी चढेल. पाकीट डॉक्टरांना दाखवा, ते गोळी बदलतील आणि काही आठवड्यांनी कॅल्शियम परत बघतील. पीटीएच १३२ आहे म्हणजे ग्रंथीचा भाग बहुधा राहणारच, गोळीनं वर भर घातली असेल एवढंच. आणि पुढच्या वेळी अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) पण करून घ्या, ते कमी असेल तर खरं कॅल्शियम रिपोर्टपेक्षा जास्त निघतं.

कृष्णाकाठ:
बरं. उद्याच पाकीट घेऊन जातो. काकूला दुधाचं सांगायचं अवघड काम आधी करतो 😅